सुनंदाची बैठक

लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर मी "बँकेतून निवृत्त झालेय" एवढ्यावर भागवते. तेवढ्यात माझा नवरा मधे तोंड घालतो. "वेटलिफ्टिंगची कोच आहे ती!" मग समोरच्याची नजर आधी माझ्या दंडांवर जाते आणि तिथे काहीच सापडत नाही म्हणून परत चेहऱ्यावर येते. एकदा मुलुंडच्या एका हॉलमध्ये एका काकांना मी सांगून बसले, "दंडांत काही नसतं हो, आमचा सगळा मामला कमरेच्या खाली असतो." त्यानंतर नवऱ्याने मला हाताला धरून थेट जेवणाच्या रांगेत नेलं.

पण खोटं काय बोलले? बाहेरच्या माणसाला वाटतं, वजन हातांनी उचलतात. खरं काम मांड्यांचं. आमच्या खेळात दोनच प्रकार. स्नॅच म्हणजे जमिनीवरचा बार, दोन्ही टोकांना वजनं लावलेला लोखंडी दांडा, एका दमात डोक्यावर. क्लीन अँड जर्क म्हणजे आधी खांद्यांवर, मग तिथून डोक्यावर. दोन्हींसाठी तीन-तीन संधी, आणि दोन्हींतलं सगळ्यात मोठं वजन मिळून बेरीज. गंमत अशी की जड बार कुणी पूर्ण वर खेचत नाही. तो कमरेच्या थोडा वर आला की माणूसच झटकन त्याच्याखाली जाऊन बसतो. चक्क उकिडवा बसतो. आणि मग ते सगळं वजन घेऊन उठायचं असतं. उठता आलं नाही तर तुमच्या खेचण्याला कुणी विचारत नाही. म्हणून आम्ही वर्षभर स्क्वॅट करतो. बार मानेमागे घेऊन, बार पुढे गळ्याशी घेऊन, तळाला थांबून, हळू जाऊन, पटकन उठून. जुने लोक बैठका म्हणायचे, तेच पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेलं साधं काम. फक्त खांद्यावर लोखंड.

मी पार्ल्याची. वडील मंत्रालयात कारकून, घरी पेटी-तबला, आणि मधली मुलगी शेजारच्या व्यायामशाळेत वजनं आपटते. आईला एकच काळजी. "बघायला येतील त्यांना काय सांगायचं गं?" मी म्हटलं, "बँकेत आहे म्हणून सांग." त्या खेळावरच बँकेत लागले होते, त्यामुळे ते खोटं नव्हतं. लग्न होऊन घाटकोपरला आले. नोकरी सांभाळून पंतनगरच्या बाजूला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर क्लास सुरू केला, तो आजही चालू आहे. दोन लाकडी प्लॅटफॉर्म, चार बार, भिंतीला एक आरसा. तो आरसा मी उलटा करून ठेवलाय. बार उचलताना आरशात बघणाऱ्याची वाट लागते.

नमुने खूप आले. अंधेरीचा एक होतकरू नट आला होता. त्याला फक्त बार डोक्यावर असलेला फोटो पाहिजे होता. "मॅडम, उचलायचं नंतर बघू, आधी वर कसं धरायचं ते दाखवा ना." मी म्हटलं, "बाळा, वर जायचा रस्ता खालूनच आहे." तो दुसऱ्या दिवशी आला नाही. बोरिवलीच्या एक डेंटिस्ट बाई गुडघे दुखतात म्हणून आल्या. त्यांना मी महिनाभर स्टुलावर बस-ऊठ करायला लावली. त्या वैतागल्या, माझ्याशी दोनदा भांडल्या, आणि मग गणपतीत चार मजले जिना चढून माझ्या घरी मोदक घेऊन आल्या, लिफ्ट चालू असताना. असे खूप. पण सुनंदाचं सगळंच वेगळं झालं, कारण ती माझ्याकडे शिकायला आलेलीच नव्हती.

ती लेकीला घेऊन आली होती. प्रणाली, सोळा वर्षांची, अकरावीत. सुनंदा एका खाजगी नर्सिंग होममध्ये आया होती. पेशंटना उठवणं, बसवणं, कुशीवर वळवणं, दिवसभर तेच. मूळचे परभणीकडचे, लग्नानंतर इथे आलेले. नवरा, अनिल, एका मॉलमध्ये इलेक्ट्रिशियन. "मॅडम, खेळावर नोकरी लागते म्हणतात ना?" सुनंदाने पहिल्याच दिवशी विचारलं. "तुम्हाला लागली म्हणे."

"लागली. पण सगळ्यांना लागत नाही," मी सांगितलं. "आधी मला बघू तर दे."

प्रणालीच्या हातात मी काठी दिली आणि म्हटलं, बस. ती बसली. टाचा जमिनीला घट्ट, पाठ सरळ, काठी डोक्यावर, आणि खाली तळाला अशी निवांत, जसं कुणी बाकड्यावर बसावं. लोकांना ही जागा मिळायला सहा-सहा महिने लागतात. मनातल्या मनात मी त्या पोरीला राज्य स्पर्धेला नेऊन आणलंसुद्धा.

दोन महिन्यांत ती अशी वाढली की बाकीची मुलं आपली वजनं ठेवून तिचा स्नॅच बघायची. सुनंदा ड्युटीवरून थेट यायची आणि दाराजवळच्या बाकावर बसून राहायची, कमरेला रुंद पट्टा बांधलेला. वर्षानुवर्षं माणसं उचलून तिची कंबर दुखायची. प्रणाली एक सेट करायची आणि घड्याळाकडे बघायची. दुसरा सेट, पुन्हा घड्याळ. मला दिसत होतं. मी दुर्लक्ष केलं, कारण तिची बैठक फार सुंदर होती.

जिल्हा स्पर्धेसाठी नाव देण्याची वेळ आली तेव्हा पोरीने बार खाली ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, माझं नाव नका देऊ. मला हे आवडत नाही."

"कंटाळा आलाय का? दोन दिवस सुट्टी घे."

"सुट्टी नको. मला आवडतच नाही."

बाकावरून सुनंदा उठली. "आवडत नाही म्हणजे? एवढं मस्त जमतंय. मॅडम काय म्हणतात ऐकलंस ना?"

"जमतं म्हणून आवडलंच पाहिजे का?"

"मग तुला काय आवडतं ते तरी सांग!"

"माहीत नाही अजून," प्रणाली म्हणाली. "हे नाही, एवढं माहीत आहे." आणि मग आईचा रडवेला चेहरा बघून ती जास्तच भडकली. "तुला एवढं आवडतं ना? रोज डोळे फाडून बघत बसतेस ना? मग तूच कर!"

दोघी निघून गेल्या. मी त्या रात्री नीट जेवले नाही. नवरा म्हणाला, "अगं, पोरगी मोकळेपणाने बोलली, चांगलंच आहे की." मी त्याला म्हटलं, तू तिचा स्क्वॅट बघितलेला नाहीस.

आठवडाभराने सुनंदा आली. एकटीच. पट्टा बांधलेला, साडीचा पदर खोचलेला. दारातच उभी राहिली.

"मॅडम, मी करून बघू का?"

मला आधी वाटलं ती लेकीच्या वतीने माफी मागायला आलीय. "काय करून बघणार?"

"हेच. ती म्हणाली ना, तूच कर. रागात म्हणाली, पण घरी गेल्यावर माझ्या डोक्यातून ते जाईचना. मला खरंच करावंसं वाटतं हो. कधीपासून."

वय त्रेचाळीस. कंबर दुखरी. मी आधी तिला माझ्या ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तपासून सांगितलं की मणक्यात काही नाही, स्नायू कमजोर आहेत, सावकाश करू द्या. दुसऱ्या दिवशी सुनंदा लेकीची जुनी ट्रॅकपँट घालून हजर. आखूड होत होती.

खाली बसायला तिला शिकवावं लागलं नाही. आयुष्यभर जमिनीवर बसून भाजी निवडलेली बाई ती. पण उठताना ती आधी ढुंगण वर काढायची आणि मग कमरेने स्वतःला ओढून घ्यायची. पेशंटही ती तसेच उचलत होती, म्हणून तर पट्टा. महिनाभर नुसती काठी. "श्वास पोटात घे. पोट आतून फुगव, कुणी बुक्की मारणार असल्यासारखं. आता छाती आणि कंबर एकदम वर." ती काठी घेऊन उठायची आणि मला विचारायची, "आता?" मी म्हणायची, "पुन्हा." मग रिकामा बार. मग त्याला वजनाच्या अगदी छोट्या प्लेटा. एक दिवस जड, एक दिवस हलकं, एक दिवस मधलं. चार आठवडे वाढवायचं आणि एक आठवडा मुद्दाम कमी करायचं. हा कमी करायचा आठवडा कुणालाच पचत नाही. सुनंदाचं तर म्हणणं, "मॅडम, मला काही झालंय का? कमी का करताय?" ताकद व्यायाम करताना येत नाही, झोपेत येते, हे पटवायला मला तिला चार वेळा सांगावं लागलं. "झोप?" ती हसली. "ती कुठे मिळते?"

तरी ती वाढत गेली. सावकाश, पण कुठेही न अडकता. पट्टा कधी सुटला ते तिलाही कळलं नाही. एकदा मीच विचारलं तेव्हा तिने कमरेला हात लावून बघितला आणि म्हणाली, "अरेच्चा, घरीच राहिला." तो घरीच राहिला.

आणि मग ते रीलचं प्रकरण झालं. आमच्याकडच्या एका मुलाने सुनंदाचा स्क्वॅट मोबाइलवर काढला आणि टाकून दिला. तो तिच्या वस्तीत फिरला, परभणीला दिराकडे पोचला, आणि प्रणालीच्या कॉलेजातही पोचला. प्रणाली आईशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी अनिल माझ्या दारात.

"जय भीम, मॅडम," त्याने हात जोडले. राग होता, पण रीत सोडली नाही. "हे काय चालवलंय तुम्ही?"

सुनंदा आत बार लावत होती. तिथेच थांबली.

"लोक काय म्हणतात ते मला सांगू नका," मी आधीच म्हटलं.

"लोक गेले उडत. माझा भाऊ हसला, हसू दे. मला एवढंच सांगा, हिची कंबर गेली तर? हिची ड्युटी गेली तर घर कसं चालणार? तुम्ही लिहून द्याल का, काही होणार नाही म्हणून?"

हे बरोबर होतं. "लिहून नाही देणार," मी म्हटलं. "खेळ आहे. पण तुम्हाला ज्याची भीती वाटते ना, ते आम्ही सगळ्यात आधी शिकवतो. सुनंदा, दाखव त्यांना."

"काय दाखवू?"

"उठता आलं नाही तर काय करतेस ते."

सुनंदा बार मानेमागे घेऊन तळाला गेली, थांबली, आणि मग हात सोडून एका उडीत पुढे आली. बार तिच्या मागे धाडकन आदळला. अनिल दचकून दाराला टेकला. अख्ख्या तळमजल्याच्या काचा वाजल्या. सुनंदाला एवढी मजा आली की तिने न सांगता आणखी दोनदा करून दाखवलं.

"असं सोडून द्यायचं?" अनिलने विचारलं.

"असंच. वजन धरून पडायचं नाही. सोडायचं आणि बाजूला व्हायचं."

त्याने पडलेला बार बुटाने ढकलून बघितला. मग म्हणाला, "वरचे लोक तक्रार करत नाहीत?"

"करतात की. दर महिन्याला."

"त्या प्लेटांखाली जाड रबर टाका. मॉलमध्ये जनरेटरखाली टाकतो आम्ही. बघतो मी, कुठे मिळतं ते." आणि पुढच्या रविवारी खरंच घेऊन आला. तो बायकोचा खेळ बघायला आला असं कधी म्हणाला नाही. रबर नीट बसलंय का बघायला येत असे.

साधारण सव्वा वर्षाने बोरिवलीच्या एका शाळेच्या सभागृहात पस्तिशीच्या पुढच्या बायकापुरुषांची स्पर्धा होती. मी सुनंदाचं नाव दिलं. तिने लगेच हो म्हटलं आणि मग तिला पोशाख दाखवल्यावर लगेच नाही म्हटलं. आमचा पोशाख अंगाला चिकटलेला असतो, पंचांना गुडघे-कोपरं दिसावीत म्हणून. आतून पूर्ण अंगभर घट्ट कपडा चालतो, तसा घ्यायचं ठरलं. तरी ती त्या काळ्या कपड्याकडे असं बघत होती की जणू त्यालाच उचलायचंय.

स्पर्धेच्या दिवशी अनिल आला, आणि प्रणालीही आली. पोरगी कानात इयरफोन घालून मागच्या रांगेत बसली. मला वाटलं, बापाने ओढून आणलीय.

पहिला स्नॅच. वजन असं की सुनंदा रोज सरावात हसत उचलायची. बार वर गेला आणि पुढे पडला. तीन लाल दिवे, म्हणजे तिन्ही पंचांच्या मते बाद. मी म्हटलं, ठीक आहे, होतं असं. दुसऱ्यांदा तिने बार उभ्याउभ्याच वर ढकलला, कोपर वाकलं, पुन्हा लाल. आमच्या खेळात वजन लावलं की कमी करता येत नाही. तिसरा गेला की बेरीज नाही, म्हणजे घरी.

मागे सरावाच्या जागेत सुनंदा खुर्चीवर बसली. घाम पुसत होती. मी नेहमीचं बोलत होते, बार जवळ ठेव, कोपर लवकर फिरव. ती मान डोलवत होती, पण ऐकत नव्हती. एवढ्यात प्रणाली आत आली. कानात इयरफोन नव्हता.

"आई, तू बसतच नाहीयेस."

"काय?"

"बार येतोय वर. तू खाली जात नाहीयेस. घरच्या आरशासमोर काठी घेऊन तू पूर्ण बसतेस, मी बघितलंय. इथे बसत नाहीस. लोक बघतायत म्हणून."

सुनंदाने मांड्यांवर टॉवेल ओढला. "बघतायतच ना मग. या कपड्यात. सगळे."

"बघू देत," प्रणाली म्हणाली. "मीपण बघतेय."

कोच म्हणून माझ्या तोंडाशी आलेलं सगळं गिळलं. बाहेर नाव पुकारलं. सुनंदा उठली, टॉवेल लेकीच्या हातात दिला आणि गेली.

तिसऱ्यांदा बार कमरेच्या वर आला आणि सुनंदा नाहीशी झाली. अशी झटकन खाली गेली की मला क्षणभर बार नुसता हवेत दिसला. मग तळाला ती, हात ताठ, बार डोक्यावर, आणि टाचा जमिनीला घट्ट. उठली. तीन पांढरे. अनिलने शेजारच्या अनोळखी माणसाला विचारलं, "किती झाले?" आकडा ऐकून म्हणाला, "म्हणजे भरलेला सिलिंडर! डोक्यावर!"

क्लीन अँड जर्कचे पहिले दोन झकास झाले. तिसऱ्याला मी थोडं जास्त लावलं. सरावात तेवढं कधी केलं नव्हतं. बार खांद्यांवर आला, सुनंदा तळाला बसली, आणि तिथेच राहिली.

या जागेसाठी तर सगळा उपद्व्याप. सव्वा वर्षाच्या बैठका. तिचा चेहरा लाल, कोपरं खाली यायला लागली. कोपरं खाली आली की बार घसरतो, संपलं. मागून प्रणाली ओरडली, "कोपर, आई, कोपर!" कोपरं वर गेली. मग बार तसूभर हलला. पुन्हा थांबला. पुन्हा हलला. ती इतकी सावकाश उठली की तेवढ्यात चहा झाला असता. पण उठली. सरळ उभी राहिली, खांद्यांवर ते लोखंड, डोळे विस्फारलेले, जणू काही आपण कुठे आलो हेच कळत नव्हतं.

मग जर्क करायला गेली आणि बार धाडकन खाली. पायांत काही उरलंच नव्हतं. तीन लाल.

अनिल मात्र उभा राहून टाळ्या वाजवत होता. "पप्पा, ते बाद आहे," प्रणालीने सांगितलं.

"बाद? सगळ्यांसमोर उठली की ती!"

तिच्या वजनगटात दोघीच होत्या. सुनंदा दुसरी आली. रौप्यपदक. घरी जाऊन तिने ते परभणीच्या दिराला फोटो काढून पाठवलं, आणि गटात किती जणी होत्या ते त्याने विचारलं नाही, हिने सांगितलं नाही.

प्रणाली परत क्लासला आली नाही. आता ती अकाउंट्स शिकतेय, आणि ते आवडतं का विचारलं तर म्हणते, "ठीक आहे." मधेच कधी आईला घ्यायला येते तेव्हा तिच्या प्लेटा लावून देते. मी एकदा न राहवून विचारलं, परत येतेस का म्हणून. ती म्हणाली, "मॅडम, नाही ना." तिची ती पहिल्या दिवशीची बैठक मला अजून दिसते. इतक्या वर्षांत तशी दुसरी आलेली नाही, आणि येणारही नाही कदाचित. ते एक दुःख आहे, त्याला इलाज नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. पदकं वाटून झाली, अनिल रिक्षा बघायला गेला. सुनंदा शाळेच्या पायरीवर बसली होती, बूट काढून, पाय पसरून. मी शेजारी बसले. म्हटलं, शेवटच्या जर्कचं वाईट नको वाटून घेऊस, वजन मीच जास्त लावलं.

"वाईट?" ती म्हणाली. "मॅडम, मी जन्मभर उचलतच आलेय. पाण्याचे हंडे, गव्हाची पोती, पेशंट. ते सगळं उचलून कुठेतरी नेऊन ठेवायचं असतं. नीट. कुणाला लागणार नाही असं." ती पायाची बोटं हलवत होती. "हे नुसतंच उचलायचं. आणि मग सोडून द्यायचं. कुणी ओरडतपण नाही. किती मजा आहे हो!"

रिक्षा आली. सुनंदा उठायला गेली तर मांड्या भरून आल्या होत्या, तिला उठवेना. ती पुन्हा पायरीवर बसली आणि हसत सुटली. प्रणाली पुढे झाली, पाय रोवले, थोडी खाली बसली, आईच्या दोन्ही काखांत हात घातले आणि पाठ सरळ ठेवून तिला उभी केली.